पद न घातलेले नाटक

श्री. भरमाप्पा मगदूम यांची माझी ओळख माझ्याच एका कठोर लेखामुळे झाली. निपाणीच्या शाळेत मास्तर असलेल्या आप्पांनी तेव्हा आपले पहिलेच नाटक बसवले होते. अंथरुणाला खिळलेली सासू आणि तिची सेवा करणारी सून, एवढाच विषय. बेळगावच्या प्रयोगाला मी पहिल्या रांगेत, फुकटच्या खुर्चीवर बसलो होतो. साप्ताहिकात लिहिले : "सतत खोकला, पद एकही नाही. हे नाटक नव्हे, दवाखाना आहे."

आठवड्याने आप्पा माझ्या दारात उभे राहिले. हातात तोच अंक होता.

"खोकला लई झाला, हे तुमचं खरं हाय. कमी केला. पद मात्र घालणार न्हाय. निपाणीच्या खेळाला या. पर मागं बसा."

निपाणीचा खेळ शेवटचा ठरण्याची चिन्हे होती. माझा लेख वाचून मंडपवाल्याने आप्पांना बजावले होते, "मास्तर, म्हातारीच्या तोंडी एक पद घाला. लोक उठून गेले तर पुन्हा मंडप मिळायचा न्हाय."

"आजारी माणूस कधी पद म्हणतं व्हय, शेट?"

"तुमची म्हातारी गात न्हाय, मरतबी न्हाय. लोकांनी करायचं तरी काय?"

आप्पांनी पद घातले नाही.

मी मागे, बायकांच्या पडद्यालगत बसलो. तिसऱ्या अंकात सून सासूला पेज भरवते, तोंड पुसते, कुशीवर वळवते. कोणी बोलत नाही. पुढून ओरडा सुरू झाला : "पद! पद होऊ द्या!" रंगमंचावरची सून पांघरूण सारखे करीत राहिली. तेवढ्यात पडद्याआडून एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला :

"गप बसा की रं मुडद्यांनो! आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."

मंडप गप्प झाला. शेवटपर्यंत कोणी उठले नाही.

मी दुसरा लेख लिहिला. पहिला चुकला, एवढेच त्यात माझे होते. बाकी त्या बाईचे वाक्य.

पुढे आप्पांनी बरीच नाटके बसवली. लोकांनी मागितले म्हणून काही घातले नाही, आणि मागणाऱ्यांवर रागही धरला नाही. माझी पत्नी तापाने पडली तेव्हा ते निपाणीहून आले. धीराचे शब्द बोलले नाहीत. बाह्या सारून चुलीपाशी बसले आणि पेज ढवळू लागले. हात सवयीचा होता.

आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. नव्या नाटकाच्या तालमी चालू आहेत, त्यातही पद नाही, असे ऐकतो. आप्पांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. आजारपणाशी त्यांची गाठ यापुढे रंगमंचावरच पडो. खेळाला मी येईनच. मागे बसेन.