आबा गेले, ट्रक घेऊन या

आता तुम्हाला काय सांगू! आयुष्यात मी एकदाच मनापासून रडलो, आणि त्या रडण्यापायी दोंडाईच्याची ट्रकभर माणसं उपाशीपोटी जळगावात उतरली. चहा घ्या, सांगतो. बिस्कीट मात्र नंतर खा, घशात अडकेल.

एसटीडीचे बूथ नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे जळगावात कापसाचं एक जिनिंग बंद पडलं होतं. रुई गेली, कामगार गेले, आत उरलं एकच इंजन. एकाच सिलिंडरचं, काळं, माझ्याहून उंच चाकाचं. लोक हिरॉइनींचे फोटो जमवायचे, मी आणि दोंडाईच्याचा माझा दोस्त प्रल्हाद जुनी इंजनं बघत हिंडायचो. त्यात हे आमचं दैवत!

ते असं बटण दाबून सुरू होत नसे. आधी पंपाच्या दिव्यानं त्याच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा लाल होईपर्यंत शेकायचा. मग चाक झुलवायचं. मग ते खोकणार, थुंकणार, रुसणार, आणि मनात आलं तर चालणार. म्हणून आम्ही त्याला आबा म्हणायचो. अहो-जाहो करायचो. तेल घालताना चपला काढायचो. हसू नका!

एका संध्याकाळी मालक म्हणाले, "उद्या बारा वाजता भंगारवाला येतोय. त्याच्या आधी उचललं, तर इंजन तुमचं."

आनंदाच्या भरात मी आबांना शेकायला घेतलं. एकदा खोकले. मग आतून 'कट' असा आवाज आला आणि संपलं. चाक हलेना.

मी बूथवर धावलो. प्रल्हादच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या काशिनाथनानांच्या किराणा दुकानात होता.

"नाना, प्रल्हादला सांगा, आबा गेले!"

"काय सांगस! कधी?"

"आत्ताच. तासभर डोकं शेकलं, तेल दिलं. एकदा खोकले आणि थंड पडले."

"गंमत ते नही ना रे, लबाडा?"

विचारणारच! याच नानांना मी एकदा मिठाच्या गोणीला मुंग्या लागल्या म्हणून अख्खं दुकान रिकामं करायला लावलं होतं. पण त्या दिवशी माझा आवाजच फुटला. "आईशपथ नाना," म्हणालो आणि बूथमध्ये हुंदका आला. बूथवाल्यानं पंखा लावला.

"बिचारा! डोळ्याचं निमित्त झालं," नाना म्हणाले.

डोळा? कसला डोळा? म्हटलं लाइन खराब असेल.

"किती वाजता उचलनार?"

"बाराच्या आत. नाहीतर दुसरेच घेऊन जातील."

"दुसरे कोन? आम्ही काय मेलो का?"

"ट्रक आणा नाना. माणसं भरपूर आणा. आबा फार जड आहेत."

 पलीकडून हळूच आवाज आला, "सुजले असतीन."

सकाळी मी जिनिंगच्या फाटकात उभा. अकराच्या सुमाराला ट्रक आला. मागे माणसंच माणसं, आणि बायकासुद्धा! डोक्यावर पदर, मोठ्यानं रडतायत. इंजनासाठी? एवढं प्रेम कधी कुणी यंत्रावर केलंय का हो?

मी हात वर करून ओरडलो, "रडू नका! आबांचे सगळे पार्ट शाबूत आहेत!"

एक बाई तिथेच भोवळ येऊन पडली. ट्रक काही थांबला नाही. मी सायकल काढली आणि मागे लागलो.

ट्रक थांबला प्रल्हादच्या आत्याच्या, अक्काच्या दारात. ओट्यावर एका डोळ्याला हिरवी पट्टी बांधून एक काडीसारखे म्हातारे बशीतून चहा पीत होते. प्रल्हादचे आजोबा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जळगावला लेकीकडे आलेले. त्यांनाही आबाच म्हणायचे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात 'कट' झालं.

आबांना कमी ऐकू यायचं. एवढा आकांत बघून त्यांनी बशी खाली ठेवली. "कोन गया रे भो? बठ्ठा जन कसाले रडी ऱ्हायनात?"

सांगणार कोण? सगळे त्यांच्याकडे बघून जास्तच रडायला लागले. मग आबाही रडायला लागले. "चांगला मानूस व्हता!" म्हणाले. अक्का किंचाळली, "डॉक्टरनं डोळ्यात पाणी आणू नका सांगितलंय!"

प्रल्हादनं माझी कॉलर धरली. "इंजन म्हणायला तुझी जीभ झिजत होती का रे?"

शेवटी आबांच्या कानात ओरडून सांगितलं, तुम्हीच गेला होतात. आबा विचारात पडले. "मी ते आठेच शे," म्हणाले. मग खूश झाले. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. इंजनाचं कळल्यावर मला म्हणाले, "मन्हं नाव लोखंडले दिधं? चाल, दखाड."

सगळी वरात इंजन बघायला जिनिंगवर गेली. बारा वाजून गेले होते. भंगारवाल्याच्या माणसांनी घण घालून चाकाचे तुकडे केले होते. डोकं टेम्पोत आधीच चढलं होतं. मधे उरला होता तेलाचा काळा डाग. उचलायला माणसं भरपूर होती, ट्रक होता, साखळीसुद्धा होती. आबाच नव्हते.

म्हाताऱ्यानं टोपी काढली. परत जाताना बायका मात्र रडल्या नाहीत. सगळं रडणं अक्काच्या दारात संपलं होतं.

नंतर माझं लग्न ठरलं. मी मोठ्या हौसेनं काशिनाथनानांना फोन लावला, "नाना, लग्न ठरलं! ट्रक भरून या सगळे!"

नानांनी शांतपणे विचारलं, "नवरी मानूस शे का मशीन?"

"माणूस आहे नाना, आईशपथ!"

"मागच्या वेळीबी शपथ घेतलीच व्हती," म्हणाले आणि फोन ठेवला.

लग्नाला दोंडाईच्याहून एक माणूस आला नाही. मांडवात आमच्या बाजूची पंगत अर्धी रिकामी. प्रल्हादचा आहेर तेवढा पोस्टानं आला. पार्सल उघडलं तर आत कागदात गुंडाळलेली तेलाची कुप्पी. वर लिहिलं होतं, 'वहिनींना. चालू करण्यापूर्वी डोके शेकावे.'

माझ्या बायकोनं ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून माझंच शेकतेय.