हरवलेल्या बोलपटाचा शेवट

आमच्या मंडळाच्या अध्यक्षाला मी आवडत नाही, हे सिडनीजवळच्या टूनगॅबीतल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक आहे आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही. मी त्याच्यापेक्षा वयानं मोठी, मला थोडंफार गाता येतं आणि मी कुणाला विचारून काही करत नाही. एवढी कारणं पुरेशी असतात. पण त्या गणेशोत्सवात आमचं जे खरं वाजलं ते एका सिनेमावरून, आणि तो सिनेमा त्यानं पाहिलेला नव्हता, मीही नाही. कुणाला पाहताही येणार नाही, कारण तो जगात शिल्लकच नाही.

मला तो कळला कुंपणापलीकडून. तिकडे नव्वदीला टेकलेली एक बाई राहायची. पणजोबा आयर्लंडहून आलेले, ती स्वतः तिथं कधी गेलेली नाही. या देशात नव्वदीच्या बाईलाही नावानं हाक मारतात. मला ते कधी जमलं नाही, त्यामुळे इतक्या वर्षांत मी तिला कशानंच हाक मारली नाही, ‘हॅलो’ म्हणायचं आणि थेट बोलायला लागायचं. ती मला ‘लव्ह’ म्हणायची, आणि स्वतःच्या आईला ‘मम’. मागच्या अंगणातल्या गोल फिरणाऱ्या दोऱ्यांवर कपडे वाळत घालताना ती गायची. आवाज पार गेलेला, पण सूर जागच्या जागी. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करून ऐकत बसायचे.

एकदा न राहवून विचारलं, हे गाणं कुठलं? तेव्हा तिनं हातातली उशीची खोळ तशीच ठेवून सगळी गोष्ट सांगितली. तिची आई लग्नाआधी लांबच्या एका गावात थिएटरच्या खिडकीत तिकिटं विकायची. बोलपट नुकतेच आले होते. त्यात हा गाण्यांनी भरलेला सिनेमा आला आणि आईनं तिकिटाची खिडकी बंद करून त्याचा प्रत्येक खेळ पाहिला. एका आयरिश गल्लीतला मुलगा आणि त्याच गल्लीतली मुलगी. आणाभाका होतात. तो नशीब काढायला समुद्रापार जातो, गवई म्हणून नाव कमावतो, हिला विसरतो, आणि सगळं बुडाल्यावर तोंड वर करून हिच्या दारात परत येतो. ती त्याच्या तोंडावर दार लावते आणि आत एकटी गाते. संपला सिनेमा.

अशा फिल्मा तेव्हा कुणी जपून ठेवत नसे. खेळ संपले की भंगारात. या सिनेमाची एकही प्रत उरली नाही, पण आईनं सगळी गाणी कपडे धुताधुता लेकीला शिकवली होती.

माझ्या डोक्यात तिथंच किडा वळवळला. गणपतीत दर वर्षी तेच ते होतं: लहान मुलांचे हिंदी सिनेमाचे नाच, मग मोठ्यांचे हिंदी सिनेमाचे नाच. आपण यंदा संगीत नाटक करू. तासाभराचं, गोष्ट या सिनेमाची, चाली त्याच, शब्द मराठी. मी म्हातारीच्या स्वयंपाकघरात बसून गाणी उचलली. बहुतेक चाली तीनाच्या लयीत होत्या, आमच्या तबलजीनं त्या अलगद दादऱ्यात बसवल्या. नायक म्हणून पॅरामॅटात बँकेत काम करणारा एक पुणेरी इंजिनियर मिळाला, दिसायला बरा आणि गळ्यानं त्याहून बरा. नायिका मी.

“ताई, हिरॉईन टीनएजर आहे,” अध्यक्ष म्हणाला.

“अरे, आपल्या संगीत नाटकांत पुरुष मिशा काढून नायिका व्हायचे आणि प्रेक्षक ढसाढसा रडायचे. मला तर मिशा काढायच्याही नाहीत.”

गाणी माझ्याशिवाय कुणालाच येत नव्हती, त्यामुळे त्याला यादीत माझंच नाव लिहावं लागलं.

कपड्यांचं खातं बायकांच्या ग्रुपनं घेतलं. आयरिश म्हणजे हिरवं, असं कुणीतरी म्हणालं आणि झालं, हिरवी नऊवारी, हिरवं ब्लाउज आणि कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. रंगीत तालमीला एक जाणती बाई कपाळाला हात लावून म्हणाली, “अगं, हा तर नवरीचा चुडा! हिचं लग्न कुठं होतंय?” अध्यक्षानं ते बरोबर कानात साठवलं. तो पहिल्यापासून कुरकुरत होताच, बाप्पासमोर असला शेवट बरा दिसत नाही, शेवट गोड पाहिजे. आता त्याला बांगड्यांचाही आधार मिळाला. मी बांगड्या उतरवून डब्यात टाकल्या. पण आयरिश हिरव्यात नवरीचा हिरवा मिसळायची चूक आमचीच होती, आणि आमच्यासारख्यांशिवाय ती कुणाच्या हातून झालीही नसती.

मग त्याला खरा हुकमाचा एक्का सापडला. जुन्या सिनेमांवर काम करणारी युनिव्हर्सिटीतली एक प्राध्यापिका त्यानं पाहुणी म्हणून बोलावली होती. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी ती एका दुपारी म्हातारीला भेटायला आली. अध्यक्ष आणि मीही होतो. बाई खरंच चांगली होती, गाणी ऐकताना तिचे डोळे भरून आले. पण चहा संपवताना ती जरा अडखळत म्हणाली की तिनं त्या काळातल्या पेपरांतली परीक्षणं वाचली आहेत, आणि सिनेमाचा शेवट असा नव्हता. शेवटी नायिका दार उघडते. चर्चमध्ये लग्न होतं, घंटा वाजतात, सगळं गाव गातं.

“तुमच्या आई तिकिटं विकत होत्या,” ती अगदी मऊपणे म्हणाली. “हिशेब वगैरे करताना कदाचित शेवट पाहायचा राहून गेला असेल.”

म्हातारीनं कप बशीत ठेवला. “पाहिला होता,” ती म्हणाली. “पटला नव्हता.”

पाहुणी आणि अध्यक्ष गेले, मी कप विसळायला थांबले. तेव्हा तिनं मला बाकीचं सांगितलं. तिचा बाप असाच होता. लोकर कातरायच्या कामावर जायचा, महिनोन्‌महिने पत्ता नाही, मग पैसे उडवून, कधी दुसऱ्याच बाईकडे राहून परत दारात. आई दर वेळी दार उघडायची. उघडायची आणि चहाचं आधण ठेवायची. एकदाही तिनं ते दार लावलं नाही. फक्त सोमवारी धुणं धुताना ती मुलीला सिनेमाची गोष्ट सांगायची, आणि तिथं मात्र लावायची.

“तुला आधीपासून माहीत होतं?” मी विचारलं.

“बारा-तेरा वर्षांची असताना कळलं. दुसऱ्या कुणीतरी खरी गोष्ट सांगितली,” ती म्हणाली. “मी आईला कधी बोलले नाही. मला आईचीच आवडते. लव्ह, मला एकदा ते दार लागलेलं बघायचंय. ऐकलंय खूप.”

महिनाअखेर तिचा मुलगा तिला त्याच्याकडे, ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्सला नेणार होता. घर विकायला काढलं होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते याच शनिवारी.

त्याच संध्याकाळी अध्यक्षाचा फोन आला. आवाजात लाडूच लाडू. “ताई, आता तर प्रूफच मिळालं ना! ओरिजिनलमध्ये लग्नच आहे. मी सगळं अरेंज केलंय. शेवटी हिरो हार घेऊन येईल, मंगलाष्टकं होतील, आणि आपण ऑडियन्सला आधीच अक्षता वाटून ठेवू. फुल पार्टिसिपेशन!”

“मी दार लावणार आहे.”

“अहो, पण ते चुकीचं आहे.”

“असू दे चुकीचं. ओरिजिनल हरवलं, ते सांभाळणाऱ्यांनी हरवलं. जे उरलंय ते एका तिकीट विकणाऱ्या बाईनं राखलंय. तिनं राखलं, तर शेवटही तिचाच.”

“चीफ गेस्टसमोर तमाशा होईल, ताई.”

“तिकीट नाहीये ना? मग होऊ दे.”

नवरा सोफ्यावरून सगळं ऐकत होता. म्हणाला, “अगं, एवढंसं ते दार. लावलं काय नि उघडलं काय.” त्या रात्री मी त्याच्या पानात गरम पोळी वाढली नाही. तीस वर्षांच्या संसारात माणसाला दाराचं महत्त्व कळू नये याचा मला खरोखर संताप आला. दार म्हणजे काय असतं ते आत उभ्या असलेल्या माणसालाच कळतं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. जनाचं तर भरपूर ऐकून झालं होतं.

शनिवारी कम्युनिटी हॉल खच्चून भरला. पहिल्या रांगेत म्हातारी तिच्या ठेवणीतल्या निळ्या कार्डिगनमध्ये, शेजारी ती पाहुणी, आणि पलीकडे पुढचं सगळं ठरवून टाकल्यासारखा बसलेला अध्यक्ष. मध्यंतरात त्याच्या माणसांनी खरंच अक्षता वाटल्या. लोक मुठी वळून बसले.

नाटक रंगलं. नायक समुद्रापार गेला, गाजला, बुडाला. आमचं दार खरंखुरं होतं, कुणाच्या तरी रिनोव्हेशनमधून निघालेलं लॉन्ड्रीचं, म्हणजे धुण्याच्या खोलीचं दार, लाकडी चौकटीत ठोकून उभं केलेलं, वर कडी. शेवटच्या प्रवेशात नायक हातात झेंडूचा हार घेऊन त्या दारात आला. त्यानं आपलं गाणं म्हटलं, क्षमा मागितली, आणि विंगेतून मंगलाष्टकांचा सूरही कुणीतरी लावला. त्यानं हार उचलला. मी हॉलमध्ये एकवार बघितलं. सगळ्यांचे हात वर, तांदूळ टाकायच्या तयारीत.

मी दार लावलं. कडी घातली. त्या लॉन्ड्रीच्या दाराचा असा दणका बसला की तबलजीही दचकला, पण गडी पक्का, लगेच दादरा धरला. मी दाराला पाठ टेकून गायले.

दार लोटले, कडी घातली,
आता वाट तुझी तुला.

गाणं संपलं. टाळी नाही, काही नाही. लोकांना वळलेल्या मुठीचं काय करावं ते कळेना. अध्यक्ष मागं वळून लोकांची तोंडं बघत होता. खोटं कशाला सांगू, आपण एका म्हातारीच्या हट्टापायी सगळ्यांच्या सणाचा विचका केला की काय, असं वाटलं, आणि तरी कडीवरचा हात मी काढला नाही.

तेवढ्यात मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला, “वन्स मोअर!”

संगीत नाटकाचा हा जुना रिवाज आहे. गाणं आवडलं की प्रेक्षक ‘वन्स मोअर’ ओरडतात, आणि मग गोष्ट तिथंच थांबवून तोच प्रसंग पुन्हा करावा लागतो. मेलेला माणूससुद्धा उठून, पुन्हा गाऊन, पुन्हा मरतो. कुणाला त्यात काही गैर वाटत नाही. आणखी दोन आवाज उठले, मग चार, मग बायकांची एक सबंध रांगच. “वन्स मोअर! वन्स मोअर!” हे म्हातारीलाही कळत होतं, तिच्याच भाषेतलं होतं, आणि ती मान वळवून या ओरडणाऱ्या बायकांकडे बघत राहिली.

मी कडी काढली. नायक बिचारा पार विंगेपर्यंत मागे गेला, हार सावरला, आणि पुन्हा चालत त्याच दारात आला. पुन्हा क्षमा मागितली. पुन्हा हार उचलला.

मी पुन्हा दार लावलं. आधीपेक्षा जोरात.

या वेळी अक्षता उडाल्या. कुणी पहिली मूठ उघडली माहीत नाही, पण बघता बघता सगळा हॉल तांदूळ फेकत होता, आणि ते सगळे दाराच्या या बाजूला, माझ्यावर पडत होते. गाताना तोंडात दोन दाणे गेले, ते मी गिळले आणि पुढचा सूर घेतला. पाहुणी प्राध्यापिका उभी राहून टाळ्या वाजवत होती. अध्यक्षाच्या मुठीत त्याच्या अक्षता तशाच होत्या.

जेवणाच्या वेळी मी नऊवारीवरच, केसांतले तांदूळ झटकत म्हातारीजवळ गेले. तिच्या मांडीवर मसालेभाताची प्लेट होती आणि ती जेवत नव्हती. मी खुर्ची ओढून बसले. विचारलं, कसं वाटलं?

“पहिल्यांदा लागलं तेव्हा मी घाबरले,” ती म्हणाली. “मला वाटलं, आता उघडणार. तो परत आला की आई नेहमी उघडायची. आणि तू उघडलंसच, लव्ह. मला वाटलं, झालं. तो परत चालत आला.”

“हो, ती आमच्याकडची पद्धत...” मी समजावू लागले.

तिनं मान हलवली. तिला पद्धत ऐकायची नव्हती. प्लेट घट्ट धरून, माझ्याकडे न बघता, समोरच्या रिकाम्या स्टेजवर उभ्या असलेल्या त्या बंद दाराकडे बघत ती शाबासकीच्या सुरात म्हणाली, “गुड ऑन यू, मम.”