डीपीवर रशीदभाई हुते

जनरेटर लावला अन् समोरच्या शकूकाकूंच्या वट्यावरचा बल्ब लागला. काकू म्हनल्या, "आली गं बाई लाईट."

लाईट आलीच नव्हती. ती माज्या जनरेटरची हुती. अन् तिकडं डीपीवर रशीदभाई चढलेले. डीपी म्हंजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, रशीदभाई आमचे लाईनमन.

मी पळाले. पोरगी झोळीत, पायात चप्पल न्हाई, "रशीदभाई, हात काढा" म्हनत डीपीकडं. अर्ध्या वाटंत कळलं, जनरेटर तर चालूच हाय. तशीच माघारी फिरले. इंजिन बंद करायचा दांडा वढला. बल्ब गेला.

मी पुणतांब्याकडं दूध संकलनावर कामाला हाय. शाळा आठवीपतुर. दूध मोजायचं, कूलरमधी वतायचं, लाईट गेली की जनरेटर लावायचा. भिंतीवर एक हँडल असतंय, चेंजओव्हर म्हनत्यात. वर केलं की बोर्डाची लाईट, खाली केलं की जनरेटर. दोन्ही एका टायमाला जुळतच न्हाईत. ते हँडल चार दिसामागं जळालं. मालक अण्णांनी तारा डायरेक जोडल्या अन् सांगितलं, "आधी मेन स्विच पाडायचा, मग जनरेटर." त्या दुपारी पोरगी रडत हुती, कूलरचा काटा वर चढत हुता. मी मेन पाडलाच न्हाई. आमचा करंट लाईनीवर गेला.

परत डीपीपाशी गेले तर रशीदभाई खाली उतरत हुते.

"काय ताई, वाघ लागलाय का मागं?"

मी सांगितलं. दम लागल्यानं तीनदा सांगावं लागलं. त्यांनी पिशवीतनं चिनीमातीचे तीन फ्यूज काढून दावले. ट्रान्सफॉर्मर अन् गावाची लाईन यांच्यामधले. "हे काढल्याबिगर मी चढत न्हाई. तुज्यासारखी लई हायेत गावात."

म्हनलं, "पन आमचा तर चारशे चाळीसचाच हाय. वरची अकरा हजाराची लाईन बंदच हुती की."

ते खाली बसले, काडीनं मातीत दोन वेटोळी काढली. एकात वेढे थोडे, एकात लई. "जनरेटरात इंजिन चुंबक फिरवतं. चुंबक तारंच्या वेटोळ्यापुढनं गेलं की तारंत करंट उठतो. ट्रान्सफॉर्मरात फिरत कायच न्हाई. एका लोखंडावर दोन वेटोळी. एकात करंट मागंपुढं झाला की लोखंडातलं चुंबक मागंपुढं हुतं, त्यानं दुसऱ्यात करंट उठतो. जिकडं वेढे जादा, तिकडं दाब जादा. त्याला सासर-माहेर कळत न्हाई, ताई. वरनं अकरा हजार घाल, खाली चारशे चाळीस. खालनं चारशे चाळीस घाल, वर अकरा हजार. अन् वर मी."

अण्णा आले. पयला सवाल, "दूध?"

"दूध नासंल," मी म्हनले. "हँडल बसल्याबिगर मी जनरेटर लावनार न्हाई."

अण्णा नवं हँडल आनायला गेले. रशीदभाई फ्यूज पुसत हुते. सांजंला नवं हँडल बसलं. तवर दूध नासलं हुतं.

मोडलेलं मशीन मानसाच्या ध्यानावर चालवू नये, येवढं मी शिकले. पन ते अर्ध्या वाटंपतुरचं पळनं डोक्यातनं जात न्हाई. ते फ्यूज जाग्यावर असते तर मी वरडत पोचायच्या आदीच रशीदभाई गेले असते. मानूस वर दिसतोय, दांडा मागं राहिलाय. तुमी असता तर आदी कुनीकडं पळाला असता?