बाभळीवरचा कागदी कर्णा

मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. भूतबाधा, अंगात येणं, करणी… यांतलं काहीच मी कधी मानलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही मानत नाही. म्हणूनच ही हकीकत इतकी वर्षं घराबाहेर सांगितली नव्हती. आता तिच्यातली मी सोडून सगळी माणसं गेली. ती माझ्याबरोबर संपू नये म्हणून लिहितो आहे.

महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमचं गाव शेवगाव तालुक्यात, पाथर्डीच्या डोंगराकडच्या अंगाला. मी नुकताच पुण्याहून बी.एस्सी. होऊन आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. थोरले बंधू, म्हणजे महादूदादा, चौथीतूनच शाळा सोडून वडिलांबरोबर विहिरी खणायला लागले, म्हणून मी शिकू शकलो. माझ्या डिग्रीच्या कागदावर नाव माझं आहे, पण त्यातला घाम दादांचा आहे.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. विहिरीत सुरुंग लावला की काठावरून हाक देण्याचं काम पंचक्रोशीत त्यांचं. हाका दोन. एक आजूबाजूच्यांनी लांब पळावं म्हणून. दुसरी विहिरीत उतरलेल्यांसाठी : “व्हा वऽऽर!” ही दुसरी हाक आली की हातातलं हत्यार टाकायचं आणि काही न विचारता वर यायचं, असा दंडक होता. ही हाक कोणी थट्टेनंही देत नसे. लहानपणी खेळताना मी एकदा दिली होती, तेव्हा आबांनी मला जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं मारलं.

दादांना एक खोड होती. हाक आली तरी ते पहार घेतल्याशिवाय वर येत नसत. लोखंडाचा लोभ! म्हणून आबा त्यांच्यासाठी हाकेला शेपूट जोडायचे : “पहार ऱ्हाऊ दे, म्हादू.”

त्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात आबा तापानं गेले. त्यांच्या जागी हाक द्यायला कोणी उरलं नाही; म्हणजे माणसं होती, पण तसा आवाज नव्हता. चैत्रात आमच्याच नव्या विहिरीवर सुरुंग उडाला आणि हाक न पोचल्यामुळे शेजारच्या मळ्यातल्या गड्याच्या खांद्यावर दगड बसला. दादा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, “तू शास्त्र शिकलायस न्हवं? मग आबांच्या आवाजाचं कायतरी कर.”

माझ्या हातून दादांसाठी होण्यासारखी ती पहिलीच गोष्ट होती.

नगरच्या जुन्या बाजारात तेव्हा लष्कराचं भंगार स्वस्तात मिळे. तिथून कानाला लावायचा एक हेडफोन आणि जुन्या टेलिफोनची बोलायची डबी आणली. बॅटरीसाठी टॉर्चचे सेल. राहिला कर्णा. पत्र्याचा करवून घेण्याची ऐपत नव्हती. आईला मी जमिनीवर काडीनं आकार काढून दाखवला. ती म्हणाली, “धोतऱ्याच्या फुलावानी, व्हय ना? मग कागदाचा करू की.”

आमच्याकडे बायका रद्दी भिजवून, उखळात कुटून, मेथ्यांचं पीठ घालून लगदा करतात आणि पालथ्या घागरीवर थापून टोपल्या करतात. तसाच हा. ओल्या मातीचा मोठा धोतरा घडवला, वाळवला, त्यावर राख भुरभुरली आणि आईनं थरावर थर चढवला. वाळल्यावर आतली माती फोडून काढली. आतली बाजू मी गुळगुळीत दगडानं घोटली. बारीक टोकाला सायकलच्या मोडक्या पंपाची नळी आणि तिला हेडफोन घट्ट बसवला.

विहिरीवर दादांबरोबर सावळाराम नावाचा गडी असे. मला कोपरापर्यंत लगद्यात बघून तो म्हणाला, “पुन्याला जाऊन टोपल्या कराया शिकलास व्हय रं?”

“तुझ्या डोक्यावर पालथी घालायला,” आई म्हणाली. त्यावर दादाही हसले. आबा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

काठापासून थोड्या अंतरावरच्या बाभळीच्या बेचक्यात, विहिरीकडे तोंड करून, कर्णा बांधला. डबीत मी पाढे म्हणत असे. हाक चाचणीसाठीसुद्धा दिली नाही. आवाज पोचे, पण नाकातून बोलल्यासारखा पातळ. सावळाराम म्हणे, कर्ण्याला पडसं झालंय. मी दुसरा, जास्त लांब कर्णा करायचं ठरवलं.

तो दिवस मला नीट आठवतो. जेवणं उरकून दादा आणि सावळाराम विहिरीत उतरले होते. त्या दिवशी सुरुंग नव्हता. सैल झालेला दगड काढायचा होता, इतकंच. वारा पडलेला. आई बाभळीच्या सावलीत दुसऱ्या कर्ण्याला लगदा लावत बसली होती. डबीतले आवाज पकडणारे कोळशाचे दाणे गच्च बसले होते, म्हणून मी डबी उघडून दाणे कागदावर पसरले होते. सेल उतरले होते. ते काढून समोरच्या दगडावर उन्हात तापत ठेवले होते. कर्ण्याची वायर मोकळी लोंबत होती. दोरी सैल झाली म्हणून मी डाव्या हातानं कर्ण्याची कड धरली आणि उजव्या हातानं गाठ मारू लागलो…

तेवढ्यात कर्ण्यातून हाक आली.

“व्हा वऽऽर!”

तो नाकातला पातळ आवाज नव्हता. छातीतून निघालेला, भरदार. मधे श्वास घेतला, तोही ऐकू आला. मग पुन्हा, “व्हा वऽऽर!” आणि मग जरा हळू, “पहार ऱ्हाऊ दे, म्हादू.”

कर्ण्याचा कागद माझ्या तळहाताखाली थरथरत होता.

मी आईकडे पाहिलं. ती उभी राहिली होती. भर उन्हात, लगद्यानं बरबटलेल्या हातांनी तिनं खांद्यावरचा पदर डोक्यावर ओढून घेतला होता आणि मान खाली घातली होती. आबा घरात शिरले की ती अशीच उभी राहायची.

सावळाराम आधी वर आला, मागून दादा. दोघांचे हात रिकामे होते. सावळाराम संतापला होता. “त्या हाकंची थट्टा करत्यात व्हय? म्हातारबाचा आवाज काढतोस? लाज न्हाई वाटत?”

दादा माझ्याकडे बघत नव्हते. ते दगडावर तापत ठेवलेले सेल बघत होते, मग लोंबणारी वायर, मग कागदावरचे दाणे. त्यांनी सावळारामच्या दंडाला धरलं. “गप,” म्हणाले. “ह्यो न्हवता.”

मग पायांखाली जमीन हलल्यासारखी झाली. विहिरीची पूर्वेकडची मुरमाची बाजू वरपासून सुटली आणि आत गेली. धूळ बसल्यावर आम्ही वाकून पाहिलं. दोघं काम करत होते तिथं माणसाच्या दुप्पट उंचीचा ढीग होता. दादांची पहार त्याखाली होती. ती त्यांनी पुढं कधी उकरून काढली नाही.

मग आईनं विचारलं, “म्हादू, लागलं न्हाई ना रं कुटं?”

“न्हाई.”

“मग बस झालं,” ती म्हणाली, आणि खाली बसून पुन्हा लगदा थापू लागली. तिच्या पदरावर लगद्याची पाच बोटं उमटली होती. ते लुगडं तिनं पुढं नेसलं, पण तो डाग घासून काढल्याचं मी पाहिलं नाही.

मी खूप विचार केला आहे. प्रतिध्वनी म्हणावा तर मूळ हाक कोणाची? कोणी लपून दिली म्हणावी तर सपाट माळावर लपायला आडोसा नव्हता. आमच्या मनाचे खेळ म्हणावेत, तर चौघांच्या कानांना एकच शब्द कसे ऐकू आले, आणि माझ्या हाताखालचा कागद कसा थरथरला? रेडिओ तालुक्याला होता, आमच्या गावात नव्हता. आणि रेडिओला दादांच्या पहारीचं काय ठाऊक…

पहिला कर्णा आईनं घरात खुंटीला टांगून ठेवला. मी शाळेत दाखवायला मागितला तेव्हा म्हणाली, “ऱ्हाऊ दे हितंच. लागला तर.” पुढं मेथ्या घातलेल्या असूनही त्याला कीड लागली आणि एका पावसाळ्यात तो गळून पडला.

ध्वनीचा धडा मी दरवर्षी शिकवला. कर्णा स्वतः आवाज निर्माण करत नाही, तो फक्त मोठा करतो. बारीक टोकाशी कोणीतरी बोलावंच लागतं… हे वाक्य मी दरवर्षी फळ्याकडे तोंड करून सांगत आलो. मुलांना वाटे, सर आकृती काढताहेत.