शेजाऱ्याच्या पाच फेऱ्या

मला परीक्षक म्हणून बोलावू नका, हे मी शेजाऱ्याला आणि त्याच्या मित्राला आधीच सांगितलं होतं. परीक्षक या जमातीवर माझा जुना राग आहे आणि ब्रिस्टलला येऊन इतकी वर्षं झाली तरी तो काही उतरलेला नाही.

त्याला कारण एक स्टीलची वाटी. पुण्यात शाळेत असताना मी तीन वर्षं ओळीने वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला आणि तिन्ही वर्षं मला उत्तेजनार्थ मिळालं. पहिली, दुसरी, तिसरी भलत्याच कोणीतरी, आणि मग टाळ्या वाजवून सगळ्यांचे हात दुखायला लागले की माझं नाव. तिसऱ्या वर्षी तर मी एक शब्द चुकले नव्हते. जी पहिली आली ती मधला अख्खा परिच्छेद विसरली होती हो! पण विसरल्यावर तिने मान वर करून छताकडे असं काही पाहिलं, की परीक्षकांना वाटलं तिचा कंठच दाटून आला. माझ्या कागदावर शेरा होता, 'पाठांतर उत्तम, सादरीकरण कोरडे.' आणि बक्षीस ही वाटी, तिच्यावर माझं नाव आणि खाली 'उत्तेजनार्थ' असं कोरलेलं. ती आजही माझ्या मिसळणाच्या डब्यात मोहरीसाठी आहे. रोज फोडणी करताना मी थोडीशी चिडते, आणि नवरा म्हणतो त्यामुळेच आमच्या आमटीला चव आहे.

पुढे मी सॉफ्टवेअर टेस्टर झाले. आमच्यात पास किंवा फेल. दिसायला गोड आहे म्हणून पास, असलं काही नसतं.

आता शेजारी. साठीला टेकलेला इलेक्ट्रिशियन, त्याच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. मराठीत बोलणं असतं तर मी त्याला अहो-जाहो केलं असतं, पण इंग्रजीने तो प्रश्नच मिटवला, म्हणून इथेही तो 'तो'च. त्याचा एक जुना मित्र आहे, घरं रंगवतो. त्याला आम्ही घरात रंगारीच म्हणतो. दर रविवारी हे दोघे आमच्या पुढच्या बुटक्या भिंतीवर चहाचे मग घेऊन बसतात आणि भांडतात. विषय कायम एकच. स्केटबोर्डवर कसब मोठं की डौल?

मला आधी वाटलं गंमत करतात. छे! हे दोघे शाळा सुटल्यावर रस्त्यावर स्केटबोर्ड चालवायचे. त्या काळी त्यासाठी वेगळी पार्कं फारशी नव्हती. फुटपाथची दगडी कड म्हणजे कर्ब, दुकानामागची उतरण, बँकेच्या पायऱ्या, वॉचमन हाकलेपर्यंत सगळं यांचंच. तेव्हा एका सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये पोरापोरांनी स्पर्धा घेतली. शेजाऱ्याच्या सगळ्या उड्या लँड झाल्या, म्हणजे उडी मारून दोन्ही पाय परत फळीवर आणि फळी पुढे चालू. रंगाऱ्याच्या दोन हुकल्या. पण रंगारी गुडघे सैल सोडून, डावा हात मागे लोंबता ठेवून असा काही जायचा की बघणारे बघतच राहायचे. चाकांचा नवा सेट मिळाला रंगाऱ्याला.

"मी एकही चुकलो नव्हतो," शेजारी दर रविवारी सांगतो.

"तू फर्निचर हलवत असल्यासारखा दिसत होतास," रंगारी दर रविवारी म्हणतो.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खिडकीतूनच ओरडले, "दिसण्याचं काय घेऊन बसलायस? जमलं की नाही ते सांग!" शेजाऱ्याने हातातला चहाचा मग उंचावून मला सलाम केला. तेव्हापासून मी त्याच्या पार्टीत.

यंदा वसंतात त्याच्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख आली. तो आधीपासून लंगडत होता, जिना चढताना आम्हाला भिंतीतून त्याच्या शिव्या ऐकू यायच्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की नवा खुबा बसल्यावर बोर्डवर पाय ठेवायचा नाही. शनिवारी सकाळी तो आमच्या मागच्या दाराशी आला, हातात हॉस्पिटलचं पत्र.

"त्याआधी एकदा," तो म्हणाला. "तोच कार पार्क. पाच-पाच फेऱ्या. आणि निकाल तू द्यायचास."

"मीच का?"

"कारण माझा केक सुका झालाय हे या रस्त्यावर फक्त तू तोंडावर सांगितलंस."

ते खरं होतं. रंगाऱ्यालाही मी आमच्या दाराच्या चौकटीवरचा रंगाचा ओघळ दाखवून परत ब्रश धरायला लावलं होतं. दोघांचाही माझ्या तोंडावर विश्वास होता.

"एक अट," तो दारातून वळून म्हणाला. "आजारी माणूस म्हणून जिंकवायचं नाही. मला कळेल. मला एकदा खरं जिंकायचंय, नाहीतर खरं हरायचंय." बोलताना त्याचे कान लाल झाले होते. मी हो म्हटलं आणि तो गेल्यावर विचार करत ओट्यापाशी उभी राहिले.

नवरा नागपूरचा. त्याला कशाचंच टेन्शन नाही. "काय एवढा विचार करून राहिली तू?" तो कांदा चिरता चिरता म्हणाला. "प्रथम क्रमांक विभागून देऊन टाक. आपल्याकडे नाही का देत? दोघंही खुश. आणि बक्षीस म्हणून ती तुझी वाटी दे."

"ती वाटी मी माझ्या दुश्मनाला देणार नाही," मी म्हणाले. "आणि विभागून तर मुळीच नाही. विभागून म्हणजे परीक्षकाला घरी जायची घाई."

रविवारी सकाळी आम्ही चौघे त्या कार पार्कात. जुन्या सुपरमार्केटच्या जागी आता जिम आहे, पण उतरण तीच, कर्ब तोच, ट्रॉल्या ठेवायचा आडोसाही अजून उभा. नवऱ्याने डबाभर पोहे आणि थर्मासमध्ये तर्री आणली होती. मी कागदावर दोन रकाने आखले, कसब आणि डौल. खरं सांगते, डौलाचा रकाना मी मुद्दाम अरुंद आखला होता.

पहिली फेरी शेजाऱ्याची. बोर्डसकट उडी मारून कर्बवर चढला. लँड! चेहरा मात्र असा वाकडा झाला की नवऱ्याने पोह्यांचा डबा खाली ठेवला. दुसरीत तो कर्बच्या कडेवर बोर्डखालचं लोखंड घासत वीतभर गेला आणि उतरला. तेही लँड. मी कसबाच्या रकान्यात ठसठशीत दोन खुणा केल्या आणि मनातल्या मनात त्या छताकडे बघणाऱ्या पोरीला वाकुल्या दाखवल्या. तिसऱ्या फेरीत बोर्ड एकीकडे, तो एकीकडे. चौथीत त्याला पायाने फळी फिरवायची होती, पण खुब्याने ऐकलंच नाही. तो कर्बवर बसला, कंबर धरून, आणि आमच्यापैकी कोणाकडे बघेना.

रंगाऱ्याच्या तोवर तीन लँड झाल्या होत्या. सहज, हात मागे सोडून, बघायला छान, मेला! चौथीला त्याने साधी कर्बवरची उडी घेतली, डोळे मिटून जमेल अशी, आणि शेवटच्या क्षणी पाय जमिनीवर टेकवला.

"ए!" मी ओरडले. "तो पाय तू मुद्दाम टेकवलास!"

"घसरला," रंगारी म्हणाला.

"डोंबल घसरला! माझ्यासमोर असली नाटकं करायची नाहीत. परत मार उडी."

नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. शेजारी कर्बवरून उठला होता, चेहरा रागाने लालबुंद. "परत मार," तो मित्राला म्हणाला, अगदी हळू आवाजात. रंगाऱ्याने परत मारली. लँड झाली. पाचवी पण झाली. पाच विरुद्ध दोन.

शेजाऱ्याची एक फेरी उरली होती, पण मोजायला काही उरलं नव्हतं. मला रडूच यायला लागलं. कोण मोठी न्यायाधीश लागून गेले मी? टेकवला होता पाय तर टेकवू द्यायचा होता!

शेजारी बोर्ड काखेत घेऊन लंगडत उतरणीच्या टोकाला गेला. बोर्ड खाली ठेवला. मग एक पाय मारला आणि निघाला. उडी नाही, काही नाही. नुसता उतरणीवरून खाली आला, गुडघे सैल, हात खाली सोडलेले. आडोशाच्या खांबांना वळसा घातला, कर्बच्या अगदी कडेकडेने वाकत गेला, परत फिरला, पुन्हा वळसा. तो लंगडतो हे त्या वेळी कोणाला सांगून पटलं नसतं. चाकांचा आवाज तेवढा येत होता. रंगाऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. वेग संपेपर्यंत तो फिरत राहिला आणि मग बोर्ड आपोआप थांबला माझ्याच पुढ्यात. माझ्या हातातली पेन्सिल कधी पडली ते मला माहीत नाही.

"चल, सांग," तो धापा टाकत म्हणाला. "हरलो ना?"

मी कागदाकडे बघितलं. कसबाच्या रकान्यात तो सरळ सरळ हरला होता. उरला माझा तो अरुंद रकाना. त्यात त्याच्या नावापुढे जे लिहायला हवं होतं ते लिहिलं, तर त्याचं चाळीस वर्षांचं म्हणणं खोटं पडत होतं, आणि माझंही. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं.

"कसबात रंगारी," मी म्हणाले. "डौलात तू. आणि इथल्या जुन्या नियमाने, डौल ज्याचा तो जिंकला. तू जिंकलास."

"मी काहीच केलं नाही!" तो उसळला. "एक उडी नाही त्यात! ही दया आहे."

"दया? मी? तुझ्या केकबद्दल काय म्हणाले होते मी? मला स्वतःलाच संताप येतोय. इतकी वर्षं मी एका वाटीपायी परीक्षकांना शिव्या घालतेय, आणि आज तू माझं सगळं मुसळ केरात घातलंस!"

वाटीचं त्याला काय कळणार, पण राग खरा आहे हे कळलं असावं. त्याने मित्राकडे पाहिलं. रंगारी टोपी हातात फिरवत होता. "मला तसं कधीच जमलं नाही," तो म्हणाला. "माझा हात मागे राहतो कारण निखळलेला खांदा नीट बसला नव्हता. तुला माहितीये. तूच मला दवाखान्यात नेलं होतंस."

शेजारी कर्बवर बसला. नवऱ्याने त्याच्या हातात पोह्यांची बशी दिली, वर सढळ हाताने तर्री ओतली. दोन घास खाल्ल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तर्रीनेही आलं असेल. मग बशीकडे बघतच त्याने विचारलं, आणि हे त्याने जन्मात कधी कोणाला विचारलं नसणार.

"कसं दिसलं?"

मला मोठमोठे शब्द सुचले नाहीत. सादरीकरण माझं कोरडंच. "सकाळपासून सारखी भीती वाटत होती की तू पडशील," मी म्हणाले. "त्या फेरीत वाटलीच नाही. मी सगळं विसरून नुसती बघत होते." त्याने मान हलवली आणि अजून पोहे मागितले.

त्या पोरीला मी अजून पुरतं माफ केलेलं नाही. पण हल्ली मोहरी काढताना कधी कधी वाटतं, की छताकडे बघताना ती खरंच छान दिसत होती.

ऑपरेशन नीट झालं. घरी आणल्यावर काही दिवसांनी शेजाऱ्याने पहिल्यांदा वॉकर घेऊन दाराबाहेर पाऊल टाकलं. त्याच्या दारापासून आमच्या दारापर्यंत मोजून पंधरा-वीस पावलं. मी आमच्या पायरीवर उभी, रंगारी त्याच्या मागे हात पसरून. वॉकर फरशीच्या फटीत अडकत होता, नवा पाय एकीकडे, जुना दुसरीकडे, तोंडाने शिव्या चालू. फाटकापाशी येऊन तो थांबला, घामाघूम.

"कसं दिसतंय?" त्याने विचारलं.

रंगाऱ्याने मागून मला खुणा केल्या, काहीतरी बरं बोल म्हणून.

"भयानक," मी म्हणाले. "पण लँड झालं."

त्याने आमच्या बुटक्या भिंतीवर एक हात टेकला. इतका खुश मी त्याला कार पार्कातसुद्धा पाहिला नव्हता.

"मग मोज," तो म्हणाला.

"मोजलं," मी म्हणाले. "एक."