बाजा वाजला तेव्हा

पितळी तांब्या चिंचेनं घासला की हाताला पितळेचा आंबूस वास राहतो. तो आला की मला ट्रंपेट ऐकू येतं.

विद्यापीठाच्या जॅझ बँडमध्ये मी सॅक्सोफोन वाजवायचे. अंबाजोगाईला आमचा कार्यक्रम होता, घाटनांदूरहून आई आली होती. पाहुणे ट्रंपेटवादक माझ्या शेजारून पुढे गेले, तेव्हा पितळेचा हाच वास आला. आम्ही थांबलो आणि त्यांनी एकच सूर हळूहळू चढवत नेला.

भरल्या सभागृहात आई एकटी उठून उभी राहिली. डोक्यावर पदर घेऊन दाराकडे बघू लागली. आमच्याकडे बाजा वाजला म्हणजे वरात दारात आलेली असते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाहुणे वाजवत वाजवतच पायऱ्या उतरले, तिच्यासमोर थांबले आणि सूर इतका हळू केला, की पंख्यांची घरघर ऐकू यावी. मग एकेक करत सगळं सभागृह उभं राहिलं.

नंतर मी विचारलं, "आई, कुणाला बघत होतीस?"

"नवरदेवाला," ती म्हणाली. "मग कळलं, ह्या बाजाला नवरदेव लागतच न्हाई."