चिनी गुलाब, लसूण घालून

माझ्या सासऱ्यांना मी बाग बघायला बोलावलं होतं. त्यांनी ती खाल्ली.

यात त्यांचा काही दोष नव्हता. (दोष कोणाचा, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. म्हणजे माझं मत सोडलं तर आहे!)

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी पनवेलच्या एका भातगिरणीत कारकून होतो आणि माझं नुकतंच लग्न झालं होतं. सासरे मुंबईत एका शेठजींच्या बंगल्यावर मुख्य माळी. नुसत्या वासावरून ते खत ओळखत. लग्नाच्या पंगतीत त्यांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "जावईबापू, तुमच्या अंगणात काय आहे?"

मी खरं ते सांगितलं. "ऊन."

सगळी पंगत हसली. नवरीसुद्धा हसली! अंतरपाट दूर होऊन तासही झाला नव्हता हो! त्याच क्षणी मी ठरवलं, या माणसाला एक दिवस आपल्या अंगणात उभं करून गप्प करायचं.

पण आमचं अंगण म्हणजे खारी, रेताड जमीन. तिथे गुलाब लावला, मेला. जाई लावली, तीही गेली. शेवटी एकदा गिरणीच्या मालकांच्या कुंपणाबाहेर छाटून फेकलेल्या चार काड्या मला दिसल्या. बारीक, मांसल पानं आणि एका काडीच्या टोकाला राणी रंगाचं टपोरं फूल. चिनी गुलाब! मी त्या खिशात घालून घरी आणल्या, बोटभर लांबीचे तुकडे करून एक दिवस सावलीत सुकवले आणि वाळूत खोचले. पाणी नुसतं शिंपडल्यासारखं. आठवड्यात त्यांनी मूळ धरलं!

मग मला वेडच लागलं. जी काडी वाढेल ती मोडायची आणि खोचायची. एकीच्या चार, चारीच्या सोळा! डालड्याचे डबे भरले, फुटका माठ भरला, माझा डावा बूट भरला. (उजवा शाबूत होता, पण एकट्याचा काय उपयोग? तोही भरला.) उन्हाळा तापला तसं सगळं अंगण हिरवंगार झालं आणि सकाळी ऊन चढलं की त्यावर राणी, पिवळी, केशरी, पांढरी फुलं अशी उघडायची, की रस्त्यावरून जाणारे सायकलवाले एकमेकांवर आदळायचे!

"आता माझ्या अंबाड्यात तेवढं लावायचं राहिलंय," हिरा, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"तुझ्या बाबांना पत्र टाक," मी म्हटलं. "म्हणावं, रविवारी दहाच्या सुमारास या. गालिचा अंथरून ठेवलाय!"

सासरे निघाले वेळेवर, पण एसटी मुंब्र्याजवळ बंद पडली. ते पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आणि चिनी गुलाबाचं असं आहे, की ऊन उतरलं की दुकान बंद! सगळी फुलं मिटून चिमूटभर झालेली. अशा अवस्थेत माझी बाग त्यांच्या नजरेला पडणं शक्यच नव्हतं.

"मामा, इकडून! मागच्या दाराने!"

"का? पुढचं दार मोडलंय का?"

"नाही, नाही. अंगण उद्या सकाळी बघायचं. आत्ता तिकडे बघायचंसुद्धा नाही!"

त्या माणसाला मी मोरीतून घरात घेतलं.

पाहुणचारात काही कमी पडू नये म्हणून समुद्रकाठच्या करंजाहून माझी आत्याही त्याच दिवेलागणीला आली होती. पाटीभर सुकी मासळी घेऊन! पण दुसऱ्या दिवशी होता सोमवार. सासऱ्यांचा सोमवारी मासळीला हात नाही. "मग पावन्यांना वाढू काय?" म्हणून आत्या रात्रभर चिंतेत.

सकाळी मी रजा टाकली. फुलं उमलेपर्यंत सासऱ्यांना गुंतवून ठेवायचं म्हणून, पुन्हा मोरीतूनच, तलावाकडे फिरायला नेलं. दोन फेऱ्या झाल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, भूक लागली." मी म्हटलं, "अजून एक फेरी." ऊन चांगलं चढल्यावर त्यांना घेऊन परतलो. कोपऱ्यावर आल्यावर मी म्हणालो, "मामा, डोळे मिटा."

त्यांनी मिटले. मी हात धरून त्यांना अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि ओरडलो, "उघडा!"

त्यांनी डोळे उघडले. मीही उघडेच ठेवले होते, पण मला काही दिसेना. अंगणात काहीच नव्हतं! एक पान नाही, एक काडी नाही! सगळं अंगण शेणाने गुळगुळीत सारवलेलं आणि मधोमध रांगोळी.

सासऱ्यांनी अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग अगदी मनापासून म्हणाले, "सारवलंय मात्र छान."

"बकरी!" मी किंचाळलो. (बकरीला सारवता येत नाही, हे मला फार उशिरा सुचलं.) तसाच धावत शेजारच्या रहीमचाचांकडे गेलो.

"चाचा, तुमच्या बकरीने माझी बाग खाल्ली!"

"या अल्ला! अरे, ती फजरच्या नमाजापासून बांधलेली आहे! पोट बघ तिचं, पार खपाटीला गेलंय!"

मी खरंच बकरीचं पोट चाचपून पाहिलं. तिनेही माझा सदरा चाखून पाहिला. मग मी सगळी आळी पालथी घातली आणि फाटक्या बाहीनिशी घरी आलो, तर सासरे पाटावर बसून पोटभर जेवत होते.

"बसा जावईबापू! ही भाजी खाऊन बघा. वा! असली भाजी शेठजींच्या घरीसुद्धा होत नाही!"

मूगडाळ, हिरवी मिरची, लसणाची झणझणीत फोडणी. भाजीचा रंग मात्र किंचित गुलाबी.

"आत्या, ही कसली भाजी?"

"चिवलीची रानभाजी हाय रं बाला! अंगनात मरनाची माजली व्हती. तुला काय डोले नाय? हिरा पान्याला गेली तवर मी सगली खुडून काढली, डबं-बूट मागल्या दारी लोटलं, नि अंगन सारवून घेतलं. पावन्यांसमोर असलं रान बरं दिसतं काय?"

सासऱ्यांचा घास तसाच थांबला. त्यांनी ताटातून दोन बोटांनी एक मिटलेली कळी उचलली, उजेडात धरली आणि माळ्याच्या गंभीर आवाजात म्हणाले, "राणी रंग. चांगल्या जातीची होती."

"मामा, थुंका!" मी ओरडलो. "विषारी असेल!"

मग काय विचारता! पाणी घेऊन नुकतीच परतलेली हिरा रडायला लागली. आत्या "माज्या हातून काय झालं गं बाय" म्हणून कपाळ बडवायला लागली. मी अनवाणी पळत जाऊन आळीतल्या डॉक्टरांना अर्ध्या दाढीवर उचलून आणलं. त्यांनी सासऱ्यांची जीभ पाहिली, नाडी पाहिली, मग पातेल्यात पाहिलं. बोटाने थोडी भाजी चाखली.

"घोळाच्या भाजीच्या कुळातलंच आहे हे," डॉक्टर म्हणाले. "काही होत नाही." पुन्हा चाखली. "भाकरी आहे का एखादी?"

उरलेली बाग डॉक्टरांनी संपवली.

पण चिनी गुलाब असा मरत नाही. आत्याने भाजी निवडून जाड देठं मागच्या दारी फेकली होती, ती सगळी रुजली. दीड-दोन महिन्यांत परसात असा गालिचा पसरला, की मी सासऱ्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी ते भर सकाळी पोचले. ऊन लख्ख होतं आणि एकूण एक फूल उमललेलं होतं! ते कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ बघत राहिले. माझी छाती फुगली. हाच तो क्षण!

त्यांनी मागे वळून हाक मारली, "हिरा! भाजी छान आलीय गं. या खेपेला डाळ जरा जास्त घाल."

मी कोणाकडेही न बघता आत गेलो आणि निमूट लसूण सोलायला बसलो.